ठिगळीच्या पोटातला दोरा

माझ्या नणंदेचं कुणाशीही पटत नाही. ही तक्रार नाही, त्यांची ओळखच तशी करून द्यावी लागते. घरमालक, दूधवाला, समोरच्या इमारतीचा पहारेकरी, झिपा विकायला येणारा माणूस, सख्खा भाऊ म्हणजे माझा नवरा, या सगळ्यांशी त्यांचं कधी ना कधी कडाक्याचं वाजलेलं आहे. माझ्याशी रोज वाजतं. तोंडावर मी त्यांना वन्सं म्हणते, अहो-जाहो करते. मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या घराची पुढची खोली रस्त्यावर उघडते, तेच आमचं दुकान. पॅन्टची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, झिप बदलणं, कोटाला नवं अस्तर घालणं, पडद्यांना चुण्या घालणं, अशी कामं आम्ही घेतो. नवे कपडे वन्सं शिवत नाहीत. "नवं कुणीही शिवेल. दुसऱ्यानं घातलेला घोळ उसवायला अक्कल लागते," असं त्यांचं म्हणणं. त्या उसवतात आणि शिवतात. मी बटणं लावते, इस्त्री करते आणि गिऱ्हाइकांची समजूत काढते, कारण वन्संनी आधीच त्यांचा पाणउतारा केलेला असतो. "पॅन्ट आटलेली नाही, पोट सुटलंय," हे त्या भल्याभल्यांना ऐकवतात. तरी लोक येतात. हात चांगला आहे, एवढं मला नाइलाजानं मान्य करावं लागतं.

सासर त्यांनी फार लवकर सोडलं. का सोडलं असं कुणी विचारलं तर म्हणतात, "टाके कच्चे होते, उसवून आले." त्यापुढे विचारायची कुणाची छाती होत नाही. मी लग्न करून या घरात आले तेव्हा त्या मशीनवर बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दार लाव, धूळ येते." एवढंच माझं स्वागत झालं.

या बाईनं एक मांजर पाळलं होतं. पाळलं म्हणजे, ते एक दिवस दुकानात शिरलं, वन्संनी त्याला झाडू फेकून मारला, आणि ते चिंध्यांच्या टोपलीत जाऊन झोपलं. अंगावर पांढरे, काळे, पिवळे तुकडे, म्हणून नाव पडलं ठिगळी. त्या ठिगळीशी वन्सं ज्या आवाजात बोलायच्या तो आवाज त्यांच्या गळ्यात आहे हेच मला आधी माहीत नव्हतं. "आली का माझी बाय? दमली का माझी बाय?" मी तापानं फणफणत असताना मला ही बाई "बटणं राहिलीत" म्हणाली होती. मांजराचा हेवा करावा लागणं यासारखी नामुष्की नाही, पण मी केला.

ठिगळीनं खाणं सोडलं तेव्हा आधी माझ्यावरच आलं. दुधाला तोंड लावेना, उकडलेलं अंडं हुंगून मागे सरकली, मग पिवळं पिवळं ओकली. वन्संनी मशीन थांबवलं आणि विचारलं, "काय घातलंस तिला?"

"मी कशाला काही घालू?"

"तुला ती डोळ्यांसमोर नको असते. मला काय दिसत नाही?"

"मला बरंच काही डोळ्यांसमोर नको असतं, वन्सं. सगळ्यांना विष घालत बसले तर इस्त्री कोण करणार?"

यावर दोन दिवस अबोला. त्या अबोल्यात त्यांनी ठिगळीला चमच्यानं पाणी पाजून पाहिलं, पोटाला कोमट तेल लावून पाहिलं, टोपलीतल्या चिंध्या बदलल्या. माझ्या नवऱ्यानं गोदामातल्या कामावरून आल्यावर एकदा टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मांजराला कसला आलाय डॉक्टर? रस्त्यावर पैशाला पासरी मांजरं आहेत." वन्संनी हातातला कापड मोजायचा गज असा काही आपटला की तो ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. सकाळी त्यांनी ठिगळीला टोपलीसकट उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चल."

मोठ्या रस्त्यावरच्या त्या दवाखान्याला काचेचं दार होतं. आत सगळी गुबगुबीत, आंघोळ केलेली कुत्री आणि त्यांच्याहून गुबगुबीत माणसं. वन्सं आत शिरल्या त्याच भांडायच्या तयारीनं. डॉक्टर तरुण होता, स्वभावानं बरा वाटला. त्यानं ठिगळीचं तोंड उघडलं, हनुवटीखालून अंगठ्यानं जीभ वर ढकलली आणि आम्हाला वाकून बघायला सांगितलं. जिभेच्या मुळाशी जांभळ्या दोऱ्याचा फास बसला होता.

"शिवणकाम आहे का घरी?" त्यानं विचारलं.

दोरा आमचाच होता. पडद्यांच्या कामाचा, चांगला पक्का. गिळताना एक टोक जिभेखाली अडकलं होतं आणि बाकीचा दोरा पोटातून आतड्यात उतरला होता. वन्संच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसला म्हणून त्या बिचाऱ्यानं आमच्या भाषेत समजावलं. ते त्यानं करायला नको होतं.

"चुण्या घालताना तुम्ही धावदोरा घालून ओढता ना? कापड गोळा होतं. तसं हिचं आतडं त्या दोऱ्यावर गोळा झालंय. ऑपरेशन करून, आतडं तीन-चार ठिकाणी उघडून, तुकड्या-तुकड्यानं दोरा काढावा लागेल. तोवर दोरा कुठूनही दिसला तरी हात लावायचा नाही. अजिबात नाही."

"किती घेणार?" वन्संनी विचारलं.

त्यानं आकडा सांगितला. दुकानाचं भाडं आणि घरखर्च भागवून आमच्या हातात जे उरतं त्यात तेवढे पैसे साठवायचे तर मांजर म्हातारं होऊन मेलं असतं.

"एक दोरा काढायचे एवढे?" वन्संचा आवाज चढला. बाहेरची कुत्री भुंकायला लागली. "मी जन्मभर दोरेच काढतेय. या हिशोबानं माझा बंगला असायला हवा होता."

डॉक्टर चिडला नाही. म्हणाला, त्याची स्वतःची फी सोडली तरी भुलीचा आणि औषधांचा खर्च राहतोच. पुलापलीकडे सरकारी जनावरांचा दवाखाना आहे, तिथे हेच ऑपरेशन जवळजवळ फुकट होतं. ती माणसं सकाळीच ऑपरेशनं करतात, आजची वेळ टळली. उद्या दार उघडायच्या आधी जाऊन बसा, आज मी सलाईन देतो. सलाईनचे पैसे तो घेत नव्हता. वन्संनी ते टेबलावर मोजून ठेवले आणि "उपकार नकोत" म्हणून टोपली उचलली.

रस्त्यानं मी म्हटलं, "उद्या पहाटेच निघू या."

"फुकटातलं काम मी रोज बघते," वन्सं म्हणाल्या. खरं होतं ते. मोठ्या दुकानांतून फुकट उंची कमी करून घेतलेल्या पॅन्टी शेवटी आमच्याकडेच येतात. एक पाय आखूड, आतलं कापड तिरकं कापलेलं, पुन्हा सोडायला जागा ठेवलेली नाही. "पॅन्ट अशी कापतात, तर मांजर कसं कापतील?"

"मग काय करायचं ठरवलंय?"

"बघू."

वन्संचं "बघू" म्हणजे त्यांचं ठरलेलं असतं. हे मला माहीत होतं, पण मीही वैतागले होते. दुपारी तयार पडद्यांचं गाठोडं घेऊन पोचवायला गेले. परत आले तर दुकानाच्या दाराला आतून कडी. भर दिवसा आमच्या दुकानाला कधी कडी नसते. मी दार बडवलं, शेवटी बाजूच्या खिडकीतून पाहिलं.

वन्सं जमिनीवर बसल्या होत्या. ठिगळी अस्तराच्या कापडात गुंडाळून दोन्ही गुडघ्यांत धरलेली, डोकं त्यांच्या पोटाकडे. शेपटीखालून जांभळा दोरा बाहेर आला होता आणि त्याचं टोक वन्संनी तर्जनीला गुंडाळलं होतं. बाजूला बारीक कात्री पडली होती. जिभेखालचा फास त्यांनी आधीच कापला होता.

"वन्सं! सोडा! डॉक्टर काय म्हणाला?"

"चुण्या पडल्यात म्हणाला ना?" त्यांनी वर पाहिलं नाही. आवाज शांत होता, कामात असतात तेव्हा असतो तसा. "चुण्या सोडवायच्या तर एक टोक कापायचं आणि दुसऱ्या टोकानं दोरा काढून घ्यायचा. सरळ काढायचा, हिसका द्यायचा नाही. यात काय डॉक्टरकी आहे? बघ, येतोय."

येत होता खरा. मी खिडकीचे गज धरून ओरडत होते आणि तो दोरा इंचाइंचानं येत होता. ठिगळी एकदाच असं ओरडली की रस्त्यावरची माणसं थांबली. मग दोरा तुटला. वन्संनी उठून कडी काढली आणि वीतभर ओला दोरा कापायच्या टेबलावर ठेवला.

"सुटल्या चुण्या," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ठिगळी टोपलीतून उठली आणि दोन घोट पाणी प्याली. वन्संना कोण आनंद झाला! "तुझ्या त्या डॉक्टरला सांग, शिकून जा म्हणावं माझ्याकडे." आणि मी, जी इतकी ओरडले होते, ती मनात म्हणाले की असेलही, या बाईचं नेहमी खरंच ठरतं. मला त्याचाच जास्त राग आला.

सकाळी ठिगळीचं पोट दगडासारखं झालं होतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि हात लावला की ती आवाज न करता नुसतं तोंड उघडायची. या वेळी टोपली मी उचलली. वन्सं मागून आल्या. पुलावरून जाताना त्यांनी टोपलीवर पदर धरला होता.

सरकारी दवाखान्याच्या आवारात शेळ्या, गाढवं, पाय मोडलेली कुत्री, सगळी एकाच सावलीत उभी होती. तिथली डॉक्टरीण बाह्या वर करून काम करत होती. तिनं ठिगळीचं पोट चाचपलं, शेपटी उचलून पाहिली आणि मान वर केली.

"दोरा कुणी ओढला?"

मी वन्संकडे पाहिलं. त्यांच्या तर्जनीवर दोऱ्याचा वळ अजून होता. जिभेला कधी हाड नव्हतं अशी ही बाई ओठ आवळून उभी होती.

"अहो, वेळ जातोय. कुठून ओढला, किती आला, मला कळायला नको? कुणी ओढला?"

"मी," मी म्हटलं. "मागून ओढला. वीतभर आला, मग तुटला. तोंडातलं टोक आधी कापलं होतं."

मी काही दयेनं विरघळले नव्हते. कुणीतरी उत्तर देणं भाग होतं आणि वन्सं देत नव्हत्या, म्हणून मी दिलं. मला वाटलं, त्या लगेच मला गप्प करतील. निदान मान तरी खाली घालतील. वन्सं माझ्याकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हो. हिनंच ओढला."

डॉक्टरीण मला काय काय बोलली ते सोडून द्या. अशा दोऱ्याला हात लावलातच कसा, जनावराला जीव नसतो का, वगैरे. शेळीवाले माझ्याकडे बघत होते. मी ऐकून घेतलं. ऑपरेशन तिनं मन लावून केलं, हे खरं. बाहेर येऊन म्हणाली, आतडं जागोजागी कापलं गेलं होतं, जेवढं जोडता आलं तेवढं जोडलं. ठिगळी भुलीतून उठली नाही. खिडकीवर पैसे भरले, ते कोटाची झिप बदलायचे आम्ही घेतो त्याहून कमी होते. वन्संनी खिडकीतल्या माणसाला दोनदा विचारलं, "एवढेच?" तो म्हणाला, "एवढेच."

त्यानंतर ही हकिगत गावभर झाली. भावजयीनं दोरा ओढून मांजर मारलं. गिऱ्हाइकांना, दूधवाल्याला, ज्या पहारेकऱ्याशी त्यांचं भांडण होतं त्यालासुद्धा वन्संनी हेच सांगितलं. नवरा मला म्हणाला, "तू कशाला मध्ये हात घातलास?" मी त्यालाही खरं सांगितलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. खरं मी स्वतःपाशी राखून ठेवलं होतं. कधीतरी भरल्या दुकानात, वन्संचं तोंड सुटलेलं असताना ते काढायचं आणि त्यांना कायमचं गप्प करायचं, असं मी ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

तशी वेळ आली. एक शाळेतल्या बाई त्यांचा कोट न्यायला आल्या होत्या, आणखी दोघी-तिघी उभ्या होत्या. माझ्या हातून अस्तराला इस्त्री जास्त लागली आणि बोटभर डाग पडला.

"हिच्या हाताला यशच नाही," वन्सं सुरू झाल्या. "काम बिघडवते ते बिघडवते, माझं मांजर मारलं हिनं. हातानं मारलं."

मी इस्त्री उभी केली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. वन्संनी कोटाची दुसरी बाही शिवता शिवता मशीन थांबवलं होतं. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मी काय बोलणार ते त्यांना कळलं. या बाईला मी चिडलेली पाहिलं होतं, कुत्सित पाहिलं होतं, घरमालकाच्या अंगावर धावून जाताना पाहिलं होतं. घाबरलेली पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते आणि डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते. दोरा खरा कुणी ओढला हे त्यांनी एकदाही मोठ्यानं ऐकलेलं नव्हतं. ते ऐकलं असतं तर ही बाई पुन्हा कात्री हातात धरू शकली नसती.

"हो," मी म्हटलं. "मारलं मी. आता ती दुसरी बाही द्या इकडे."

शाळेतल्या बाई माझ्यापासून थोड्या लांब सरकल्या. वन्संनी बाही पुढे केली. मग शाळेतल्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "बघा, तोंडानं कबूल करते," आणि मशीन सुरू करायला गेल्या, तर त्यांचा पाय कितीतरी वेळ पायडलवर पडेना.