पोटाशी धरलेला कॅन

मी शिक्रापूरच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. देवापेक्षा मोजमापावर माझा भरवसा जास्त, हे आधीच कबूल करतो. गेल्या कार्तिकात माझ्या मामांनी वडगाव रासाईपासून भीमेच्या काठाकाठानं चालत तिच्या उगमाला, भीमाशंकरला, जायचं मनावर घेतलं. पासष्टीच्या माणसाला एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही निघालो. पाठीवर तंबू, छोटा स्टोव्ह आणि गॅसचे तीन कॅन. एक कॅन तीन दिवस पुरवायचा, असं मी घरूनच ठरवलं होतं.

पण मामा पडले भाविक. रोज सकाळी ताजा भात शिजवून महादेवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. भात शिजेपर्यंत माझा जीव त्या ज्योतीत. सहाव्या दिवशी शेवटचा कॅन लावला आणि माझा तोल गेला. म्हणालो, “मामा, भूक आपल्याला लागते, देवाला नाही. उद्यापासून नैवेद्य बंद.” दुसऱ्या दिवशी मामांनी गुळाचा खडा ठेवून हात जोडले. मला वाटलं, चला, गॅस वाचला.

त्याच दुपारी जंगलात अवकाळी पावसानं गाठलं. वाट चुकलो, तिथंच तंबू ठोकला. सकाळी पाहतो तर आत पाणी शिरलेलं, मामा चिंब भिजून थरथर कापत होते. ओठ निळे. मला त्यांनी माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली, आणि वडील जाऊन दहा वर्षं झालीत. आधी काहीतरी गरम पोटात जायला हवं होतं. स्टोव्ह पेटवला, ज्योत मिणमिणली आणि विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा तेच. लाकडं ओली, फोनला रेंज नाही. त्यांच्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, काय तोंड दाखवू? आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो, महादेवा, चूक माझी आहे, ह्यांना नेऊ नकोस.

तेवढ्यात मेंढ्यांचा आवाज आला. दौंडकडचा एक धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरत होता. त्यानं मामांकडे एकदा पाहिलं, त्यांचे ओले कपडे काढायला लावले आणि स्वतःची घोंगडी त्यांना गुंडाळली. मी रिकामा म्हणून बाजूला टाकलेला कॅन उचलून त्यानं कानाशी हलवला.

“संपला न्हाई, गारठलाय,” तो म्हणाला. “कोकरू गारठल्यावर काय करत्यात? पोटाशी धरत्यात.”

आणि त्यानं तो थंडगार कॅन आपल्या बंडीत, उघड्या पोटाला लावून धरला. थोड्या वेळानं स्टोव्ह पेटवला तर ज्योत निळी, सरळ उभी राहिली. चहा झाला. मी कप मामांच्या ओठांशी नेला, तर त्यांनी थरथरत्या बोटानं आधी दोन थेंब जमिनीवर सांडले, महादेवासाठी. मी कप तसाच धरून राहिलो, डोळे गळत होते.

मामांना तरतरी आल्यावर त्या माणसानं आम्हाला वाटेला लावलं आणि तो मेंढरांमागं उतरून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं. भीमाशंकरला पोहोचलो तेव्हा त्याच कॅनवर मी भात शिजवला. मामांनी सांगितलं नव्हतं. शिजेपर्यंत गॅस किती उरलाय, हे मी एकदाही पाहिलं नाही.