टीव्हीपुरता एक फ्यूज

विहिरीवरच्या खोलीत काकांनी काढून ठेवलेला फ्यूज मी परत बसवला. व्हिडिओ गेम खेळायचा होता म्हणून. हे वाक्य सत्तावीस वर्षांत माझ्या तोंडून सरळ बाहेर आलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, देवापुढेही पुटपुटलो नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — निदान मी तसं धरून चालतो.

कामरगावच्या स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणारं माझं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइल समोर उभा करतो आणि जुन्या कॅसेटवाल्या गेममधल्या पात्रांवर बोलतो. चाळीस वर्षांचा, ढेरी सुटलेला माणूस ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रांवर जीव ओवाळून टाकतो — आणि लोक पाहतात बरं का! उड्या मारत पळणारा तो मिशीवाला बुटका आठवतो? आम्ही त्याला जमादार म्हणायचो. जमादाराची मला भारी वाटणारी गोष्ट म्हणजे त्याला मागे फिरता येत नाही. जसा पुढे जातो, तशी पडद्याची कड त्याच्या पाठीमागे बंद होत येते. सुटलं ते सुटलं. मी हे हसत सांगतो. हसू कसं येतं, देव जाणे.

पण सगळ्यांत लाडकं पात्र कोणतं, असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे. दुसरा खेळाडू. त्याला स्वतःचा चेहरा नसतो. चेहरा पहिल्याचाच, फक्त कपड्यांचा रंग बदललेला. पहिला पुढे पळाला की पडदाही पुढे सरकतो आणि मागे राहिलेला बिचारा काही चूक न करता मरतो. आमच्याकडे हा दुसरा खेळाडू कायम दिन्या असायचा. शंकरकाकांचा एकुलता एक, माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी मुद्दाम पुढे पळायचो. तो चिडायचा नाही. एवढंच म्हणायचा, "दादा, जरा थांबत जाय ना."

आणखी एक लबाडी होती. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. आम्ही जो दोन शिपायांचा गेम खेळायचो, त्याच्या कॅसेटच्या डब्यावरच्या चित्रात एक शिपाई निळ्या पँटीतला, एक लाल. पडद्यावर दोघेही राखेच्या रंगाचे. मग मी मेलो की पटकन म्हणायचो — "दिन्या, तू मेला." तो पडद्याकडे क्षणभर बघायचा आणि हातातली खेळायची दांडी खाली ठेवायचा. त्याला पटायचं. दर वेळी पटायचं. हे मला तेव्हाच कळलं होतं, हे इथे लिहून ठेवतो.

तर तो दिवस. आमच्याकडे गावात दिवसभर लोडशेडिंग असायचं आणि शेतीच्या लाइनीला मात्र करंट. त्यामुळे टीव्ही गोधडीत गुंडाळायचा, सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि थेट विहिरीवर. मोटरीच्या खोलीत एक फळी, फळीवर तीन फ्यूज, बाजूला एक पिन लावायची जागा. स्टार्टर जळालेला होता, म्हणून फळीवरच्या वायरी थेट मोटरीच्या केबलला जोडलेल्या. त्या दुपारी आम्ही पोचलो तेव्हा तिन्ही फ्यूज काढून खिडकीत ठेवलेले. काका बाहेर, विहिरीच्या काठावर, मोटरीच्या केबलचा जॉइंट सोलत बसलेले. आम्हाला पाहून ओरडले, "फ्यूजले हात लावू नोका रे!"

ऐकलं होतं का? ऐकलं होतं. दोघांनीही.

दिन्यानं एक फ्यूज उचलून पाहिला. पांढरा, चिनीमातीचा, गार. "दादा, हे काय असते?" मी त्याच्या हातातून घेतला आणि त्याला सायकलवर राहिलेली दुसरी दांडी आणायला पाठवलं. आणि मी — मी फार हुशार ना? मोटर तीन फ्यूजवर चालते, टीव्ही एकावर. एकच बसवला तर टीव्ही लागेल, मोटर फिरणार नाही. मग बिघडलं कुठे? मोटर फिरलीच नाही. माझं गणित बरोबर होतं. पडदा उजळला, ते टुणटुण संगीत वाजायला लागलं, दोन राखी शिपाई उभे राहिले. आणि बाहेरून एक आवाज आला. माणसाचा तो आवाज मी आजवर पुन्हा ऐकलेला नाही.

मी फ्यूज ओढून काढला. बाहेर धावलो नाही. आधी तो खिडकीत ठेवला, इतर दोघांच्या ओळीत, नीट. मग धावलो.

काका काठापासून हातभर अलीकडे पडले होते. विहिरीच्या बाजूला पडले असते तर? हा प्रश्न मी रोज शेवटी ठेवतो आणि रोज तो आधी येतो. उजवा हात काळा पडलेला, बोटं मुठीत आवळलेली. दिन्या दांडी छातीशी धरून उभा. काकांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कोनं बसवला?"

मी म्हटलं, "दिन्यानं."

एक शब्द. भीतीनं निघाला म्हणावं, तर पुढचे सगळे शब्द कशानं निघाले? काका दवाखान्यातून आल्यावर डाव्या हातानं त्याला झोडपत होते, तेव्हा मी दाराशी उभा होतो. तो म्हणत होता, "म्या नाई, म्या नाई." दोन दिवसांनी मी त्याला गोठ्यामागे नेलं आणि समजावलं. तू हातात घेतला होता ना? मग? लहान आहेस, ध्यानात राहिलं नसेल. त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं — अगदी तसंच, पडद्याकडे पाहायचा तसं. आणि मान हलवली.

त्यानंतर तो कधीच गेम खेळला नाही. आज तो मालवाहू ऑटो चालवतो. माझ्या प्रत्येक व्हिडिओवर पहिला अंगठा त्याचाच असतो.

काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून सरळ होत नाहीत. आणि घरात विजेच्या कोणत्याही वस्तूला ते दिन्याला हात लावू देत नाहीत. बल्ब बदलायचा तरी निरोप मला. गेल्या उन्हाळ्यात दिन्यानं नवा कूलर आणला आणि मला बोलवायला स्वतः दुकानात आला. "दादा, चालतं का? बाबा मले पिन लावू देऊन नाई राह्यले." छत्तीस वर्षांचा माणूस, स्वतःचं घर, स्वतःचा कूलर.

मी गेलो. पिन लावली, बटण दाबलं. काकांनी वाकड्या बोटांनी माझी पाठ थोपटली. दिन्याची लहानगी पिनेजवळ सरकली, तशी त्यानं तिला उचलून मांडीवर घेतली आणि हळू आवाजात सांगितलं, "नोको लावू, बाई. म्या लहानपनी असाच हात लावला होता, अन् आबाचा हात गेला."

असाच हात लावला होता — त्याला आता आठवतं! त्यानं कधी न केलेलं त्याला आठवतं.

मी तोंड उघडलं. पण सरळ बोलेन तो मी कसला? म्हटलं, "काका, समजा... तो फ्यूज मीच बसवला असला तं?"

दिन्यानं मान वर केली. कूलर घरघरत होता. काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हसले.

"तू? कायले दुसऱ्याचं पाप डोक्शावर घेऊन मोठेपना करतं? मी नाई म्हनल्यावर हात लावाची तेवढी हिंमत तुयात असती, तं आज स्टँडवर लोकायचे फॉर्म भरत बसला असता का?"