तुले अधिकार नाई

वर्ध्याच्या त्या माती तपासणीच्या ऑफिसात मी कंत्राटी कॉम्प्युटरवाली होते. कॉम्प्युटरचा खरा मालक दुसराच. त्याला सगळे भाऊ म्हणत. नोकरी पक्की, तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि सगळ्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड एकट्याजवळ. त्या पासवर्डावर तो अख्खं ऑफिस नाचवायचा.

मी एक सोय बनवली होती. शेतकऱ्यानं आपल्या मातीच्या पिशवीवरचा नंबर मोबाइलवर टाकायचा आणि घरबसल्या रिपोर्ट बघायचा. नाही तर वडनेरचा माणूस नुसतं "झालं का?" विचारायला एसटीचं तिकीट काढून यायचा. नागपूरचे मोठे साहेब सांगून गेले होते, पुढच्या भेटीत हे मोबाइलवर चालताना दिसलं तर बाईंचं कंत्राट वाढवू. नाही दिसलं तर मी घरी, हे सांगायची गरज नव्हती.

माझ्या मशीनवर ते झकास चालायचं. बाहेरच्यांसाठी खुलं करायला गेलं की सुरूच व्हायचं नाही. मी सोयीचा वेबपत्ता बदलला, पोर्ट बदलला, दोनदा सगळं पुसून नव्यानं टाकलं. चूक माझीच असणार असं धरून चालले होते. शेवटी एरर नीट वाचली, तेव्हा घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. मशीन म्हणत होतं, तुझं काम बरोबर आहे, पण हा पत्ता बाहेर उघडायची तुला परवानगी नाही. ॲडमिननं फक्त एक ओळ लिहायची होती: या पत्त्यावर या बाईला काम करू द्या.

मी भाऊकडे गेले. त्यानं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"तुले अधिकार नाई."

"म्हणूनच तर आली, भाऊ. एक ओळ टाकून द्या ना."

"अधिकार का प्रसाद हाय, वाटाले? उद्या येजो."

उद्या गेले की पुन्हा उद्या. एकदा चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरगी कधीची मशीनले ठोकून राह्यली. मले तं काय अडलं ते पहिल्याच दिवशी समजलं होतं." सगळे हसले. मीही हसले, कारण कंत्राटी माणसाला हसावं लागतं. मनात मात्र म्हटलं, हा खर्रा याच्या घशात अडकू दे.

साहेब आले त्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आपणहून माझ्या टेबलाशी आला. "सरक," म्हणाला. हाताच्या आडोशानं पासवर्ड टाकला, ती ओळ लिहिली, आणि परवानगीत माझ्या जागी स्वतःचं नाव घातलं. सगळा कारभार स्वतःच्याच लॉगिनवर चालेल असं करून ठेवलं.

"भाऊ, तिथं माझं नाव पाहिजे होतं."

"चालते ना? मंग चूप राह्य."

रिपोर्ट विचारायला आलेला वडनेरचा एक म्हातारा बाकावर बसला होता. साहेबांनी त्याच्याच पिशवीचा नंबर आपल्या मोबाइलवर टाकला आणि रिपोर्ट उघडला. म्हातारा मोबाइलकडे पाहून मला म्हणाला, "बाई, आता एसटीनं इथवर याचं काम नाई पडत मंग!" मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं साहेबांच्या पुढच्या प्रश्नापर्यंत टिकलं.

"कोणाच्या लॉगिनवर चालतंय हे?"

"माह्या, साहेब," भाऊ म्हणाला.

"मग बाईंची काय गरज?"

हे त्यांनी मला विचारलं नाही. भाऊलाच विचारलं, आणि भाऊ खाली मान घालून गालात हसला. गरज सरो, वैद्य मरो. महिना संपला तसं माझं कंत्राटही संपलं.

त्या ऑफिसात दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलावाच लागायचा. भाऊनं आपला पासवर्ड बदलला की त्या सोयीतही नवा टाकायला हवा होता, नाही तर मशीन बंद होऊन चालू झाल्यावर ती उठणार नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नाही. मला विचारलंही कोणी नव्हतं.

पेरणीच्या तोंडावर फोन आला. मी पवनारला घरच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होते.

"म्याडम, कामात तं नाई ना तुम्ही?"

'सरक'ची 'म्याडम' झाली होती. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. ते किती गोड उघडतं ते त्या दिवशी ऐकलं.

"काल लाइट गेलती, तवापासून ते बंद हाय. काऊन बंद पडलं असंन? लोकं उन्हात उभे हायेत, म्याडम. साहेबाचा दोनदा फोन आला."

त्याच्यामागून एक ओळखीचा आवाज आला. "बाईचा फोन हाय का? तिले म्हणा, वडनेरवाला आला. माह्या दुसऱ्या वावराची पिशवी हाय म्हणा."

भाऊनं मधे बदललेला नवा पासवर्ड एका चौकोनात टाकायचा, बस. कुरडई उलटवायला लागतो तेवढा वेळ. भाऊ फोनवर ताटकळत होता, आणि मी त्याला थोडं ताटकळू दिलं.

"भाऊ," मी म्हटलं, "मले अधिकार नाई."

आणि फोन ठेवला. पुन्हा वाजला, उचलला नाही. म्हातारा परतीच्या एसटीत रिकाम्या हातानं बसेल, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. पण भाऊला मारायला माझ्या हातात तेवढीच काठी होती, आणि ती म्हाताऱ्याच्या पाठीवरून जात होती. मी ती मारली. वाईट एवढंच वाटलं, की भाऊचं तोंड बघायला मी तिथं नव्हते.