नानाकाकांची एप्रिल छाटणी

वाइनरीत नोकरी करते म्हटलं की इथे अमेरिकेत, बे एरियातल्या मराठी पार्टीत लोकांचे डोळे चमकतात. "मज्जा आहे यार तुझी!" मग मी एक किस्सा सांगते, त्यातून दुसरा निघतो, आणि जेवणं होईपर्यंत माझा आवाज इतका चढलेला असतो की नवरा लांबून पुरे अशा खुणा करत असतो. काय करू? आमच्याकडे द्राक्षं वर्षातून एकदा येतात, किस्से बारमाही!

मी मूळची निफाडची. द्राक्षांचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत आले आणि सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी एका बागेची मॅनेजर झाले. मालक शिरीष, पुण्याचा, सांता क्लारात सॉफ्टवेअर कंपनीत मोठा साहेब. बाग घेतली ती हौस म्हणून. सोनं शोधायला आलेल्या लोकांनी इथे वेली लावल्या होत्या. सोनं संपलं, पुढे दारूबंदी आली, बागांवर जंगल चढलं. आता या भागाला पुन्हा बरे दिवस आलेत. त्या जुन्या वेलींचा एक तुकडा आमच्याकडे शिल्लक आहे. तार नाही, मांडव नाही, एकेक खोड मांडीएवढं. त्या तुकड्यावर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी एवढी का चिडते ते कळेल.

*

शिरीषने बाग घेतली उन्हाळ्यात, हिरवीगार असताना. जानेवारीत मित्रांना दाखवायला घेऊन आला आणि मला फोन. म्हणे सगळ्या वेली मेल्यात, पानसुद्धा नाही, आपल्याला फसवलं, वकिलाशी बोलतोय.

अरे बाबा, इथे बर्फ पडतो! पानं गळतात, वेली झोपतात, वसंतात उठतात. आपल्याकडे वेल अशी उघडी पडत नाही, हे मान्य. पण बाग विकत घेण्याआधी एवढं विचारावं की नाही माणसाने?

पुढच्या आठवड्यात त्याने तिथे इंग्रजीत पाटी लावली, "शांतता राखा, वेली झोपल्या आहेत." लोक खरंच कुजबुजत फिरतात.

*

या वेलींना कोणी कधी पाणी दिलेलं नाही. त्यांची मुळं खडकात कुठवर गेलीत देव जाणे. शिरीषने तिथे ड्रिप टाकलं, मातीत सेन्सर पुरले आणि सगळं फोनवर घेतलं: माती कोरडी झाली की स्क्रीनवर लाल, बोट लावलं की पाणी सुरू. मी नको नको म्हणत होते.

काढणीच्या आठवड्यात सकाळी बागेत गेले तर पायाखाली चिखल. मणी फुगून तडकलेले, वर माश्या घोंघावतायत. वर्षभराची मेहनत मातीत. शिरीषला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये. बाहेर येऊन शांतपणे म्हणाला, "अगं, स्क्रीनवर लाल दिसत होतं. मला लाल बघवत नाही."

मी छाटणीची कात्री घेतली आणि ड्रिपच्या नळ्यांचे तुकडे तुकडे केले. आमचा मुकादम हेक्टर मागून ते गोळा करत होता.

*

जूनमध्ये वेबसाइटसाठी फोटो काढायचे ठरले. जूनमध्ये आमची द्राक्षं वाटाण्याएवढी असतात. शिरीष म्हणाला, नो प्रॉब्लेम. गाडीतून सुपरमार्केटची खोकी उतरवली आणि हिरवी, बिनबियांची द्राक्षं दोऱ्याने जुन्या वेलींना बांधली. आमची जात काळी, तेवढं तरी बघायचं!

फोटो झाले आणि नेमकी सांता क्लाराहून मराठी मंडळींची बस आली. मी दोरे सोडेपर्यंत मंडळी वेलींत शिरून खायलाही लागली होती. एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "शंभर वर्षांची चव लागते हो."

त्यांनी परतताना आणखी मागितली. शिरीषने खोक्यातून काढून दिली.

*

मग लग्नांचं खूळ आलं. बागेत लग्न करायला लोक वाटेल ते देतात, असं शिरीषला कोणीतरी सांगितलं. त्याला लॉन हवं होतं आणि आमच्या उतारावर त्यातल्या त्यात सपाट जागा नेमकी जुन्या वेलींखाली. खूप भांडले मी त्याच्याशी. शेवटी त्याने तोडगा काढला. यंदा ज्या ओळी पीक देतील त्या राहतील, ज्या देणार नाहीत त्या उपटायच्या. "फेअर आहे ना?" म्हणाला.

म्हाताऱ्या वेलींची परीक्षा घेतोय हा! पण माझ्या हातात तेवढंच होतं. त्या वर्षी मी त्या तुकड्याची लेकरासारखी काळजी घेतली. एप्रिलमध्ये छान पोपटी फूट आली आणि मी जरा निर्धास्त झाले.

तेवढ्यात नानाकाका आले. शिरीषचे सख्खे काका, तासगावचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. सांता क्लाराच्या घरात कंटाळले म्हणून शिरीषने त्यांना बागेवर आणून सोडलं आणि स्वतः परत गेला. मला साधा मेसेज नाही!

दुपारी हेक्टर मला शोधत आला. त्याच्यामागे धावत गेले तर काका कात्री घेऊन जुन्या वेलींत. वरच्या सगळ्या ओळींची कोवळी फूट त्यांनी बुडापासून कापून टाकली होती आणि आता ते खालच्या ओळींकडे वळत होते. आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलमध्ये सगळं खरडून काढायचं, ऑक्टोबरमध्ये फळासाठी पुन्हा छाटायचं. इथे एकदाच, हिवाळ्यात, आणि ती मी केव्हाच केली होती. ते सगळं वर्षाचं पीक जमिनीवर पडलं होतं.

मी त्यांच्या हातातून कात्री हिसकावली. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये ते सगळं बोलले. काका गोंधळले. मग म्हणाले, "एप्रिल हाय न्हवं, पोरी?"

दुसऱ्याच दिवशी ते सांता क्लाराला परत गेले.

*

मे महिन्यात अचानक कडाक्याची थंडी पडली. सकाळी खालच्या ओळी पाहिल्या. माझी जपलेली फूट काळी पडून लोंबत होती. वरच्या बोडक्या ओळींचे नवे डोळे, म्हणजे कोंब, अजून उघडलेही नव्हते, त्यांना काही झालं नाही. ते सावकाश फुटले आणि शरदात त्या ओळींवर घड पिकले. खालच्या ओळींना नाव घेण्यासारखं काही नाही.

शिरीषला मी परोपरीने सांगितलं की थंडीने फूट गेली, वेली जिवंत आहेत, पुढच्या वर्षी देतील. तो म्हणाला, आपलं ठरलं होतं ना? हिवाळ्यात यंत्र आलं. ती खोडं निघता निघेनात. मी तिथे उभी राहून सगळं बघितलं. संताप संताप झाला.

*

वरच्या ओळींची वाइन बाटलीत भरून झाल्यावर शिरीषने पार्टी ठेवली, नव्या लॉनवर. बाटलीवर छापलंय, "प्राचीन भारतीय छाटणी." खास नानाकाकांना पुन्हा बोलावून घेतलेलं. काकांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही, ते बिचारे ज्यूसचा ग्लास धरून उभे.

शिरीष माइकवर सांगत होता की माझ्या काकांनी आभाळाकडे बघून थंडी ओळखली, हे ज्ञान आमच्या रक्तात आहे. लोक टाळ्या वाजवतायत. मी दात आवळून मागे उभी. एका बाईंनी काकांनाच विचारलं, तुम्हाला नक्की कसं कळलं? शिरीषने मला पुढे बोलावलं, काकांचं बोलणं इंग्रजीत सांग म्हणाला.

काकांनी माझा हात धरला. माणूस मनाने साधा, त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही राग नव्हता.

"सांग त्यास्नी," काका म्हणाले, "मला काय बी कळलं न्हवतं, मी चुकलोच हुतो. पर ही पोरगी त्या दिवशी जरा उशिरा आली असती, तर खालच्या बी वाचल्या असत्या."

सगळं लॉन माझ्याकडे बघत होतं.

"काका म्हणतायत, चीअर्स," मी म्हटलं, आणि सगळ्यांनी ग्लास वर केले.