बेडूक बोलेपर्यंत

चैत्रातल्या एका दुपारी पांडूकाका दादरला आमच्या दारात आले. बोनकोड्याला हिराआत्याच्या शेजारी त्यांचं शेत. "आत्या गेली तुजी," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले... मीही तिथंच बसले.

आत्याचं शेत खाडीला लागून. मधे फक्त मातीचा बांध. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. घुशींनी तो बांध आतून पोखरला आणि उधाणाच्या भरतीत तो फुटला. भगदाड बुजवायला आत्याचा नवरा पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी कोळ्यांना तिवरांच्या झाडीत सापडला. शेतात खारं पाणी भरलं, ते निघालं तरी भात रुजेना. माझे वडील म्हणाले, "विकून टाक, माहेरी चल." आत्या गेली नाही. पांडूकाकांना घेऊन तिनं बांध पुन्हा घातला. घुशीचं बीळ दिसलं की ती दगड ठोकून ते बुजवी, दातओठ खात.

मी एकदा विचारलं, "आत्या, बेडूकही मातीतच दडतो. मग घुशीवरच एवढा राग का?"

"दोघंबी भुईतच रातात, बाय. पन घूस दाना साठवाया भुई पोकल करते. बेडूक उन्हालाभर उपाशी निजतो, कुनाचं काय बिघडवत नाय." मग म्हणाली, "त्याला खारं पानी सोसत नाय. तो बोलला का समजायचं, भुई गोड झाली."

पुढे कितीतरी पावसाळे ती बांधावर बसून ऐकत राहिली. आजूबाजूची शेतं बेडकांनी दणाणत. तिचं मुकं.

आणि मग एका आषाढात तिचा निरोप आला, ये म्हणून. गेले तर पिवळेजर्द बेडूक तिच्याच शेतात ओरडत होते. आत्या तोंडावर पदर धरून रडत होती. "आमच्या ह्यांनी ऐकाया पायजे होतं गं..." त्या वर्षी भात झाला. पहिल्या तांदळाची मूठ तिनं घरात शिजवली नाही, खाडीत सोडली. त्यानंतरही ती कधी मोकळी हसलेली मला आठवत नाही.

बांधावरून ती रोज अनवाणी चालायची, टाच आपटत. आतून पोकळ लागतं का, ते पाहायला. तिच्या पावलांनी माती इतकी दबलीय की तिथं गवत उगवत नाही. तेराव्याला मी त्या वाटेवर गेले, चप्पल काढली आणि टाच आपटली. भुई तापलेली होती. पोकळ कुठं नि भरीव कुठं, मला काही कळेना.