टर्बो बटणाचं कुंकू

लॅपटॉप जिंकला. तोही थोडाथोडका नाही, पाच मिनिटांनी.

चिकपेटमध्ये वेंकोबराव अण्णांची रेशमी साड्यांची पेढी होती. तिच्या वरच्या मजल्यावर एकाच टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते. डावीकडे माझे बॉस भालेराव सर यांचा जुना लॅपटॉप. आत 486 प्रोसेसर, स्क्रीन काळापांढरा, एका बिजागरीला चिकटपट्टी. उजवीकडे मी स्वतः असेंबल केलेला नवाकोरा डेस्कटॉप, आत पेंटियम. दोन्हींवर तोच प्रोग्राम आणि तीच साडी. आपण काठावरची एक कोयरी काढून द्यायची आणि प्रोग्रामने ती अख्ख्या काठभर भरायची. लॅपटॉपने सहा मिनिटं घेतली. डेस्कटॉपने अकरा.

"सर," अण्णा शांतपणे म्हणाले, "हा मोठा डबा तुम्ही घेऊन जावा. मला हा लहानच द्या."

सर हसले. मग मला जिन्यात घेऊन गेले.

"रेणुका, मी ह्यांना चौपट फास्ट म्हणून कमिट केलंय."

"आहेच ते चौपट फास्ट, सर."

"मग आत्ता आपण काय बघितलं?"

मी जिन्यातून वर मशीनच्या खोलीकडे बघितलं.

"हे बघ, आज हे सॉल्व्ह झालं नाही तर मशीन परत जाणार. तुझं प्रोबेशन या महिन्यात संपतंय. हेड ऑफिस आधीच म्हणत होतं, मुलीला हार्डवेअरला कशाला घेतलं, सॉफ्टवेअरला बसवा. आता मी त्यांना काय सांगू?"

एवढं बोलून ते इंदिरानगरच्या ऑफिसला निघून गेले. लॅपटॉप मात्र तिथेच राहिला, माझ्या नाकावर टिच्चून.

इथे थोडं समजावून सांगते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं प्रत्यक्ष काम करणारा भाग. तो किती वेगाने ठोके घेतो ते मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. सरांचा तेहेतीसचा होता, माझा पंच्याहत्तरचा. शिवाय पेंटियमला एका ठोक्यात दोन कामं उरकता यायची. लॅपटॉपमधला प्रोसेसर तर बॅटरी टिकावी आणि मांडी भाजू नये म्हणून बेताबेतानेच चालवलेला असतो. थोडक्यात, या शर्यतीत त्याने हरायलाच हवं होतं. दोन आठवड्यांपूर्वी मशीन बसवलं तेव्हा मी स्वतः चाचणी घेतली होती, आणि तेव्हा तो हरलाही होता.

मी कामाला लागले. व्हायरस तपासला, नव्हता. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या. डिस्कची केबल बदलली. प्रोसेसरवरचा पंखा व्यवस्थित फिरत होता. कॅबिनेटवर दसऱ्याचा शेवंतीचा हार अजून तसाच होता. पुढच्या बाजूला गंध, कुंकू, सगळं साग्रसंगीत. त्याला हात न लावता मी कव्हर मागच्या बाजूने सरकवून काढलं. आमच्या घरीही आई पूजेची फुलं दुसऱ्या कुणाला हलवू द्यायची नाही, त्यामुळे ते मला अगदी सवयीचं होतं. दर तपासणीनंतर मी कोयरी भरायला लावायचे आणि घड्याळ बघायचे. अकरा मिनिटं. अकरा मिनिटं. पुन्हा अकरा मिनिटं.

अण्णांच्या थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणत. साड्यांची डिझाइनं त्याच काढायच्या. तीस वर्षं ग्राफपेपरवर काढली, आता माऊस धरायला शिकल्या होत्या. त्या मागे खुर्ची टाकून माझा उद्योग बघत होत्या.

"स्वल्प कॉफी घे गं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून त्याचं पोट फाडून बसलीयेस."

मी कॉफी घेतली. खरं सांगते, रडायला आलं होतं. मी जोडलेलं ते पहिलंच मशीन होतं. त्याच्या आतला स्क्रू न् स्क्रू मला पाठ होता. कॉफी पिता पिता, दुसरं काही सुचेना म्हणून, जे सकाळी सगळ्यांत आधी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"अक्का, हे स्लो कधीपासून झालं?"

"पूजेनंतर. आधी पळायचं की घोड्यासारखं."

"पूजेच्या दिवशी काय केलं होतं याच्यावर?"

"काही नाही. आयुधपूजेला कोण काम करतं? बंदच होतं. गंध लावलं, कुंकू लावलं, हार घातला. झालं."

खंडेनवमीला इकडे कानडी मुलखात आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी माग, कात्री, तराजू, ऑटोरिक्षा, जे जे हत्यार पोटाला घालतं त्या सगळ्याची पूजा होते. बंद मशीनला पूजेने काय होणार? तरी मी म्हटलं, "कसं लावलं, दाखवता का?"

"सरी, बरं, दाखवते."

स्क्रीनवर माझी पुढची चाचणी रडतखडत चालू होती. अक्का खाली जाऊन कुंकवाची वाटी घेऊन आल्या. "मागाला आम्ही हात लागेल तिथे तिथे लावतो. दांडीला, फणीला, पायट्याला. तसंच याला. जिथे जिथे बोट लागतं तिथे." त्यांनी हार बाजूला केला. कीबोर्डला एक बोट, माऊसला एक बोट. मग कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हाराखाली झाकलेल्या एका चौकोनी बटणावर, अंगठा चांगला दाबून कुंकू लावलं.

टक्.

आणि स्क्रीनवरच्या कोयऱ्या धावत सुटल्या. अर्धा काठ बघता बघता भरून गेला. अक्कांचा अंगठा हवेतच राहिला.

ते टर्बो बटण होतं. जुने काही प्रोग्राम प्रोसेसरच्या ठोक्यांवर चालायचे. नव्या मशीनवर ते इतके सुसाट सुटत की वापरता येत नसत. म्हणून मशीन मुद्दाम मंद करायची सोय ठेवलेली असे. बटण आत असलं की पूर्ण वेग, बाहेर आलं की मंद. मंद केल्यावर प्रोसेसरची हाताशी ठेवलेली मेमरी बंद होते, आणि मग त्याला प्रत्येक वस्तूसाठी उठून लांबच्या कपाटापर्यंत जावं लागतं. बटणाशेजारी वेग दाखवणारे हिरवे आकडे असतात. त्यांच्यावर गंधाचा रुपयाएवढा ठिपका होता आणि त्यावर हार. आयुधपूजेला अक्कांनी बटण दाबलं तेव्हा ते बाहेर आलं होतं. आज पुन्हा दाबलं आणि आत गेलं.

मी खालून अण्णांना बोलावलं आणि दोन्ही मशीनवर एकदमच कोयरी सुरू केली. डेस्कटॉपने दीड मिनिटात काठ भरला. तेव्हा लॅपटॉप दुसऱ्याच वारात अडकला होता. अण्णांनी त्या लॅपटॉपकडे असं बघितलं की मला त्याची दया आली.

"काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"मी काही नाही केलं, अण्णा. अक्कांनी परत पूजा केली."

अण्णांनी मशीनला हात जोडले. "बघ, त्या दिवशी काहीतरी राहिलं असणार."

ते खाली गेल्यावर मी अक्कांना खरा प्रकार सांगितला. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग विचारात पडल्या. "म्हणजे आता पुढच्या वर्षी त्याला कुंकू नको लावू?"

"लावा की. फक्त दोनदा लावा."

ऑफिसला फोन करून मी सरांना इतकंच सांगितलं, "दीड मिनिट." पलीकडे पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "रिपोर्टमध्ये काय लिहू?" मी म्हटलं, "लिहा, मुलीने सॉल्व्ह केलं." त्यांनी ते तसं लिहिलं की नाही माहीत नाही, पण महिनाअखेरीला माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं, हार्डवेअरमध्येच.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसचा फोन खणखणायला लागला. शिवाजीनगरच्या प्रेसमधलं मशीन स्लो, एका शाळेतलं स्लो, डॉक्टरांच्या क्लिनिकमधलं स्लो. सगळे सीनियर इंजिनियर टूलकिट घेऊन उठले. मी त्यांना बसवलं आणि एकेका कस्टमरला फोनवर बटण कुठे आहे ते सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी मशीनं पळायला लागली होती. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही.

चिकपेटहून मात्र फोन आला नाही. तिथे कुंकू दोनदा लागलं होतं.