कढया घासायची भुकटी

खव्याच्या कढईत आपलं तोंड दिसलं पाहिजे, असा आमच्या वनमालाकाकूंचा हट्ट. ईट गावाजवळच्या एका खवा भट्टीवर त्यांनी तीस वर्षं कढया घासल्या. बुडाची करपलेली खरवड राखेनं निघत नाही, हे रडगाणं सगळ्याच भट्ट्यांवरचं. एकदा वावटळीत भट्टीवरचे सिमेंटचे पत्रे फुटले. काकूंनी त्यातला एक तुकडा कुटून कढईला लावला आणि कढई लखलखीत निघाली.

मग काय, हौसेला मोल नाही. फुटके पत्रे कुटायचे, जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ भुकटी काढायची आणि डबे भरून आसपासच्या भट्ट्यांवर फुकट वाटायची. हात दुखायला लागले तेव्हा त्यांनी हे काम शेजारच्या भट्टीवरच्या शिवकन्येला शिकवलं.

यंदा काकूंना चार पावलांत दम लागायला लागला. मी पुतण्या, म्हणून मीच त्यांना धाराशिवला नेलं. छातीचे फोटो पाहून डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पत्र्याच्या कारखान्यात कामाला होतात का?"

"म्या कशाला जाऊ कारखान्यात?" काकू फणकारल्या आणि मोठ्या तोऱ्यात भुकटीची कृती सांगितली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. धड पत्रा छपरावर असला तर फारसं भय नाही. कापला, कुटला की तंतू हवेत उडतात, फुप्फुसात रुततात आणि वीस-तीस वर्षांनी त्रास देतात. औषधानं दम थोडा कमी होईल, रोग जाणार नाही. आपल्याकडं याच्या खाणी बंद झाल्या, पण तंतू परदेशातून येतो आणि पत्रा राजरोस विकला जातो. धोका ठाऊक असलेल्यांनी काकूंना कधी सावध केलं नाही. मला याची चीड आली, अजून येते.

काकूंनी स्वतःबद्दल एक शब्द विचारला नाही. एवढंच म्हणाल्या, "शिवकन्या अजून कुटतीया. आधी तिकडं चल."

आम्ही पोचलो तेव्हा शिवकन्या मांडीवर फडकं घेऊन भुकटी गाळत होती. काकू लांबूनच ओरडल्या, "ठेव ते खाली! हलवू नगंस!" मी बादलीतलं पाणी हळूहळू ओतून सगळी भुकटी भिजवली. काकूंनी थांबत थांबत डॉक्टरांचं बोलणं सांगितलं.

शिवकन्या म्हणाली, "काकू, पर तुमीच तर शिकवलं हे."

"व्हय, म्याच शिकवलं. लई चुकलं माझं." काकूंच्या तोंडून असं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"बारा वर्सं कुटतीया मी." शिवकन्येनं पदरानं हात पुसले. "मग माझ्याबी छातीत असंल का?"

काकू तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. दम खाऊन म्हणाल्या, "ठावं न्हाय गं पोरी. उद्या धाराशिवला चल, फोटो काढू. मी येते संगं."